एक्स-रेची डिग्री घेऊन युकेला जायचंय? आधी कॉलेजात जाऊन सिलॅबस काढा

महिन्यातून एकदा तरी हा मेसेज येतोच, "ताई माझं बीएससी इमेजिंग झालंय, युकेत चालेल का?" आणि मी दर वेळी आधी विचारते, कोणाला चालेल का? कारण या एका "चालेल का"मध्ये तीन वेगवेगळी ऑफिसं लपलेली आहेत आणि त्या तिघांना एकमेकांशी काही देणंघेणं नाहीये. मला हे सुरुवातीला माहीत नव्हतं, त्यामुळे माझं जवळजवळ वर्षभर चुकीच्या खिडकीसमोर रांग लावण्यात गेलं. म्हणून आता एकदाच बसून सगळं लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देता येईल. मी आता युकेत रेडिओग्राफर आहे, डायग्नोस्टिकवाली, म्हणजे एक्स-रे, सीटी वगैरे. रेडिओथेरपीवाल्यांचा रस्ता हाच आहे पण त्यांचे निकष वेगळे छापलेले आहेत, त्यांनी आपले बघावेत, आमचे बघून फॉर्म भरू नये.

तर तीन ऑफिसं. पहिलं म्हणजे युके एनिक, ज्याला २०२१ पर्यंत नॅरिक म्हणायचे आणि आपल्याकडचे एजंट अजूनही नॅरिकच म्हणतात. हे लोक पैसे घेऊन एक कागद देतात की तुमची भारतातली डिग्री ही ब्रिटिश बॅचलरच्या बरोबरीची आहे किंवा नाही. दुसरं एचसीपीसी, म्हणजे हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, जे तुम्हाला रेडिओग्राफर म्हणून रजिस्टरवर घेतं. तिसरं होम ऑफिस, व्हिसावालं. आता गाडीचं आरसी बुक घरात आहे म्हणून कोणी तुम्हाला गाडी चालवायचं लायसन देत नाही ना, तसंच आहे हे, एनिकचा कागद हातात आला म्हणून एचसीपीसी तुम्हाला घेईल असं अजिबात नाही, उलट एचसीपीसीला तो कागद लागतच नाही. मी तो आधी काढून ठेवला होता, छान प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. (पुढे व्हिसाच्या वेळी इंग्लिशसाठी तिथे परत जायची पाळी येऊ शकते, ते खाली सांगते.)

खरा दरवाजा एचसीपीसी. ही कायद्याने बसवलेली संस्था आहे, २००१ च्या हेल्थ प्रोफेशन्स ऑर्डरखाली, आणि ती पंधरा पेशे बघते, त्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, पॅरामेडिक आहेत, लॅबचे बायोमेडिकल सायंटिस्ट आहेत आणि आपण. रेडिओग्राफर हा शब्दच तिकडे कायद्याने राखीव आहे, रजिस्टरवर नाव नसताना स्वतःला रेडिओग्राफर म्हणवून घेणं हा गुन्हा. आपल्याकडून गेलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो कारण इथे आपण कोण आहोत हेच धड ठरलेलं नसतं, पेशंट डॉक्टर म्हणतो, डॉक्टर टेक्निशियन म्हणतो, वॉर्डातल्या मावशी "एक्स-रेवाला आला" म्हणून ओरडतात. देशपातळीवर आपल्या पेशाचा कायदाच २०२१ साली आला, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, त्याआधी राज्याराज्याचं वेगळं. महाराष्ट्रात परावैद्यक परिषद आहे, तिथे रजिस्टर असाल तर उत्तम, तिचं पत्र मागवून ठेवा कारण एचसीपीसी विचारते की तुम्ही आधी कुठल्या कौन्सिलकडे रजिस्टर आहात किंवा होतात का, आणि असाल तर ते लपवायचं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. एचसीपीसी तुमच्या डिग्रीला "मान्यता" देतच नाही. त्यांच्याकडे परदेशी कॉलेजांची अशी कुठलीही यादी नाहीये की अमुक विद्यापीठ पास आणि तमुक नापास. त्यांच्याकडे एक पुस्तिका आहे, स्टँडर्ड्स ऑफ प्रोफिशिएन्सी नावाची, सध्याची १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे, त्यात एकेक वाक्यात लिहिलंय की नव्या रेडिओग्राफरला काय काय आलं पाहिजे. तुमचा अर्ज आला की त्याच पेशातले दोन रजिस्टर्ड असेसर तो घेऊन बसतात आणि या वाक्यांच्या समोर तुमचा कोर्स आणि तुमचा अनुभव ठेवून बघतात की हे कुठे शिकवलंय, ते कुठे शिकवलंय. म्हणजे परीक्षा तुमची नसते, तुमच्या कागदांची असते. आणि आपल्या कागदांत काय असतं? "पेपर १, अॅनाटॉमी, १०० मार्क. पेपर २, रेडिएशन फिजिक्स, १०० मार्क. प्रॅक्टिकल, १०० मार्क." झालं, संपलं. आता त्या "प्रॅक्टिकल १०० मार्क"च्या मागे तुम्ही रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत अॅक्सिडेंटच्या पेशंटची मान न हलवता लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेली फिल्म, काढलेली असते, आयसीयूत पोर्टेबल ढकलत नेलेलं असतं, ऑर्थोच्या ओटीत सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) धरून चार चार तास लेड अॅप्रनमध्ये घामाघूम उभे राहिलेले असता, पण यातलं कागदावर काहीच नाही, आणि तिकडे इंग्लंडात बसलेल्या असेसरला स्वप्न पडणार नाहीये.

म्हणून सगळी लढाई एका फॉर्मची आहे. कोर्स इन्फॉर्मेशन फॉर्म म्हणतात त्याला. तो तुम्ही भरायचा नसतो, तुमच्या कॉलेजने भरायचा, सही करायची, शिक्का मारायचा. त्यात कोर्स किती वर्षांचा, कुठला विषय किती तास, थिअरी किती आणि क्लिनिकल किती, कुठल्या कुठल्या मोडॅलिटीत (एक्स-रे, सीटी, एमआरआय असे प्रकार) पोस्टिंग, कोण सुपरव्हाइज करत होतं, परीक्षा कशी घेतली, हे सगळं. आणि सोबत पूर्ण सिलॅबस जोडायचा. वेबसाइटवरची दोन पानी रूपरेषा नव्हे, जो सिलॅबस तुमच्या बॅचला लागू होता तो, टॉपिकवार आणि तासांसकट.

माझं सांगते. मी बार्शीची, कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात, पहाटेची एसटी पकडून गेले आणि ऑफिसमधल्या क्लार्कदादांपुढे तो फॉर्म ठेवला. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितला आणि परत माझ्याकडे सरकवला, म्हणाले मॅडम असं काही आम्ही देत नाही, बोनाफाईड पाहिजे तर देतो. त्यांचा दोष नव्हता, त्यांनी तो फॉर्म आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता. एचओडी सर म्हणाले सिलॅबस बदलला, जुना कुठेतरी कपाटात असेल, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. तीन चकरा झाल्या. शेवटी मी काय केलं तर घरी बसून माझी जुनी लॉगबुकं, इंटर्नशिपचं पोस्टिंगचं वेळापत्रक, वह्या असं सगळं काढून तासांचा पूर्ण हिशेब कच्चा लिहून नेला, सरांनी तो डिपार्टमेंटच्या हजेरीपत्रकाशी ताडून बघितला, दोन ठिकाणी माझी बेरीज चुकली होती ती लाल पेनाने दुरुस्त केली, आणि मग त्यांनी स्वतः फॉर्म भरला. हे महत्त्वाचं आहे, कच्चं काम तुम्ही करून द्या पण भरणार आणि सही करणार कॉलेजच, कारण एचसीपीसी नंतर थेट कॉलेजला विचारून खात्री करू शकते, तेव्हा कॉलेजचा ईमेल जीमेलचा आणि उत्तर देणारं कोणी नाही अशी अवस्था असेल तर अर्ज तिथेच लोंबकळत राहतो. फॉर्म देतानाच विचारून घ्या की कुठल्या मेलवर आलेलं पत्र इथे खरंच कोणीतरी उघडतं.

नावाचा घोळ हा आपला खास महाराष्ट्रीय प्रकार आहे, तोही आत्ताच निस्तरा. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि शेवटी कधी कधी आईचं नाव चिकटवलेलं. पासपोर्टवर दुसराच क्रम. लग्न झालेल्या मुलींचं तर मधलं नावही बदललेलं आणि आडनावही. आपल्याला बघताक्षणी कळतं की ही एकच बाई आहे, पण बाहेरच्या माणसाला ती तीन बायका वाटतात. लग्नाचं सर्टिफिकेट, नाव बदललं असेल तर गॅझेट, जे काय असेल ते सगळ्या कागदांबरोबर पहिल्याच फटक्यात जोडा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

आता सिलॅबसमध्ये ते नक्की काय शोधतात? एक्स-रे टेक्निक सगळ्यांच्या कोर्सात असतं, तिथे कोणी अडकत नाही. ते बघतात की सीटी तुम्ही स्वतः करता का, कॉन्ट्रास्ट म्हणजे औषध देऊन करायच्या तपासण्या, मोबाइल एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, लहान मुलं. एमआरआय, न्युक्लिअर मेडिसिनशी कितपत ओळख आहे. आणि मग एक भाग येतो जो आपल्या सिलॅबसमध्ये बहुधा दोन ओळींत उरकलेला असतो, पेशंटची संमती, गोपनीयता, लहान मुलं किंवा असहाय्य माणसांवर अत्याचाराची शंका आली तर काय करायचं, रिसर्च वाचता येतो का, स्वतःच्या कामाचं ऑडिट करता येतं का. २०२३ च्या सुधारणेत तर समानता, लीडरशिप, पेशंटला निर्णयात सामील करून घेणं यावर आणखी भर दिलाय. हे तुम्ही कॉलेजात शिकला नसाल तरी नोकरीत केलेलं असतं. आणि अनुभव मोजला जातो, कोर्समध्ये जे कमी पडलं ते नोकरीने भरून निघालं असं दाखवता येतं, पण दाखवावं लागतं. "पाच वर्षे रेडिओग्राफर म्हणून काम पाहिले, वर्तणूक चांगली" या आपल्या टिपिकल अनुभवपत्राचा इथे काडीचा उपयोग नाही. कुठलं मशीन, कितपत स्लाइसचं, दिवसाला साधारण किती पेशंट, कुठल्या तपासण्या एकट्याने, कुठल्या कोणाच्या देखरेखीखाली, क्यूए म्हणजे मशीनची गुणवत्ता तपासणी कोण करायचं, असं लिहा.

सगळ्यात जास्त गडबड ज्या मुद्द्यावर होते तो म्हणजे रेडिएशनचा कायदा. आपल्याकडे एईआरबी आहे, म्हणजे किरणांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारं सरकारी बोर्ड, अणुशक्तीनगरात बसणारं, १९८३ पासूनचं, मशीनचं लायसन त्यांच्या ई-लोरा या साइटवर, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ल्यासारखा टीएलडी बॅज जो तीन महिन्यांनी बदलतो (आणि जो अर्ध्या लोकांचा ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, असो). हे सगळं तुम्हाला येत असेल तर ते लिहाच, ते तुमच्या बाजूने आहे. पण तिकडे पेशंटला मिळणाऱ्या किरणांच्या डोसचा कायदा वेगळा आहे, आयआरमर म्हणतात, २०१७ चा, आणि त्याचा गाभा असा की प्रत्येक एक्स-रेमागे तीन भूमिका असतात. एक रेफरर, जो चिठ्ठी लिहितो, तो डॉक्टर असेल किंवा ट्रेनिंग घेतलेली नर्सही असेल. दुसरा प्रॅक्टिशनर, जो ठरवतो की या माणसाला हा डोस देणं योग्य आहे. तिसरा ऑपरेटर, जो प्रत्यक्ष काढतो. आणि गंमत अशी की दुसरी आणि तिसरी भूमिका बऱ्याचदा रेडिओग्राफरच निभावतो. म्हणजे चिठ्ठीवर नुसतं "एक्स-रे लंबर स्पाइन, पाठदुखी" एवढंच लिहून आलं तर तुम्ही फोन उचलून विचारायचं की का, आणि उत्तर पटलं नाही तर काढायचा नाही. आपल्याकडे बड्या सर्जनची चिठ्ठी परत पाठवायची म्हणजे दुसऱ्या दिवशी नोकरी शोधायची. हा सवयीचा फरक इतका मोठा आहे की इंटरव्ह्यूत हमखास यावर प्रश्न येतो, आणि आपली मुलं "डॉक्टरांनी सांगितलं तर काढणार" असं प्रामाणिकपणे सांगून बाहेर येतात.

सोनोग्राफीबद्दल थोडं आडवळणाने सांगते कारण हा प्रश्नही येतो. आपल्याकडे टेक्निशियनने सोनोग्राफी करायची नाही, १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा, आणि महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी १९८८ मध्ये स्वतःचा कायदा केला होता, गर्भलिंग तपासणी थांबवण्यासाठी, कारणं आपल्याला माहीतच आहेत. युकेत मात्र सोनोग्राफी करणारे बहुतेक लोक मुळात रेडिओग्राफरच, वर पोस्टग्रॅज्युएट कोर्स केलेले. त्यामुळे आपल्या कागदांत अल्ट्रासाउंडची बाजू रिकामी दिसते. घाबरायचं नाही, कायद्यानेच बंदी आहे असं एका ओळीत लिहून द्यायचं, आणि कोर्समध्ये त्याचं फिजिक्स शिकवलेलं असतंच, ते पान दाखवायचं.

डिप्लोमावाल्यांसाठी खरं बोलते. युकेत आज नव्याने रेडिओग्राफर होणारा माणूस ऑनर्स डिग्री करून येतो, तुलना त्या पातळीशी आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची डिग्री) किंवा कुठलंही तीन वर्षं अधिक इंटर्नशिपवालं बॅचलर असेल तर बोलणी होऊ शकतात. एका वर्षाचं एक्स-रे टेक्निशियनचं सर्टिफिकेट असेल तर अवघड आहे, अनुभव कितीही असला तरी, आणि तपासणीची फी काही शे पाउंड आहे, उत्तर "नाही" असं आलं तरी ती परत मिळत नाही. अर्ज टाकण्याआधी ती पुस्तिका डाउनलोड करा, प्रिंट काढा, प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलने लिहा की हे माझ्या कोणत्या कागदावर दिसतं. अर्ध्यापेक्षा जास्त जागा रिकाम्या राहिल्या तर पैसे वाचले म्हणायचं.

इंग्लिश. एचसीपीसीला आयईएलटीएस अॅकॅडमिकमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नाही. दोन वर्षांच्या आतलं. आपलं कॉलेज इंग्लिश मीडियम होतं वगैरे त्यांना चालत नाही, शिक्षण इंग्लिश बोलणाऱ्या देशांच्या त्यांच्या यादीतल्या देशात झालेलं पाहिजे आणि त्यात भारत नाही. आता गंमत बघा, होम ऑफिसला व्हिसासाठी हीच आपली इंग्लिश माध्यमाची डिग्री चालू शकते, एनिककडून तसं लिहून आणलं तर. म्हणजे एकाच देशातल्या एका ऑफिसला आपलं इंग्लिश पटतं, दुसऱ्याला नाही. आणि उलटंही आहे, डॉक्टर, नर्स वगैरेंनी आपल्या कौन्सिलसाठी दिलेली इंग्लिश परीक्षा व्हिसाला धरतात पण त्या सवलतीत रेडिओग्राफर नाहीत. म्हणून साधी युक्ती, साधी आयईएलटीएस न देता "यूकेव्हीआय"वाली, म्हणजे युकेच्या व्हिसासाठी धरली जाणारी अॅकॅडमिक द्या, थोडे पैसे जास्त जातात पण पेपर तोच आणि निकाल दोन्हीकडे चालतो. माझ्या रूममेटने साधी दिली आणि व्हिसाच्या वेळी परत पुण्याला जाऊन परीक्षेला बसली. आपण बहुतेक रायटिंगमध्ये ६ वर अडकतो, बोलण्यात नाही, त्यामुळे क्लास लावायचाच तर रायटिंगचा लावा.

अर्ज गेल्यावर चार गोष्टी होऊ शकतात. सरळ मान्य. किंवा आणखी माहिती मागतात, हे फार कॉमन आहे, याला नकार समजून रडत बसू नका, त्यांनी कुठल्या कुठल्या स्टँडर्डचा पुरावा कमी पडला ते नंबर टाकून लिहिलेलं असतं, तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, परत सगळा संसार पाठवायचा नाही. किंवा टेस्ट ऑफ कॉम्पिटन्स, म्हणजे तुम्हाला काम येतं का याची परीक्षा, द्यायला सांगतात. किंवा नकार, आणि त्यावर २८ दिवसांत अपील करता येतं. मला आणखी माहितीचं पत्र आलं होतं, सीटीबद्दल आणि ऑडिटबद्दल. सीटीचं उत्तर हॉस्पिटलच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमच्या पत्राने दिलं, आणि ऑडिट म्हणजे काय हे कळल्यावर लक्षात आलं की आम्ही दर महिन्याला रिपीट फिल्म मोजायचो, खराब गेलेल्या किती आणि कशामुळे, तेच की ते. वहीत होतं, नाव माहीत नव्हतं.

गॅप पडली असेल तर तेही ऐका. एचसीपीसीचा नियम असा की प्रॅक्टिस सोडून दोन ते पाच वर्षं झाली असतील तर ३० दिवसांचं अपडेटिंग, पाचच्या वर गेली तर ६० दिवसांचं, त्यात देखरेखीखाली काम, कोर्स आणि काही प्रमाणात स्वतःचा अभ्यास धरतात. बाळंतपणानंतर घरी राहिलेल्या मैत्रिणींनो, भारतातच हॉस्पिटलात परत जॉइन होऊन मगच अर्ज करा, सोपं जातं.

आता एक सापळा सांगते ज्यात दरवर्षी पोरं अडकतात आणि आईबापाची जमीन गहाण पडते. युकेत एक वर्षाचे एमएससी असतात, मेडिकल इमेजिंग, अॅडव्हान्स्ड अमुक तमुक अशा नावाचे. कन्सल्टन्सीवाले सांगतात तिकडे एमएससी केलं की रजिस्ट्रेशन आपोआप. नाही होत. यातले बरेच कोर्स आधीच रजिस्टर असलेल्या रेडिओग्राफरसाठी असतात किंवा नुसते अॅकॅडमिक असतात. एचसीपीसीच्या साइटवर मान्य कोर्सची यादी सगळ्यांना उघडी आहे, त्यात त्या विद्यापीठाचं आणि त्या नेमक्या कोर्सचं नाव दिसलं तरच तो केल्यावर रजिस्ट्रेशनला पात्र होता, आणि तसे जे एमएससी आहेत ते प्री-रजिस्ट्रेशन म्हणून असतात, सहसा दोन वर्षांचे, भरपूर क्लिनिकल प्लेसमेंटसकट. नाव नाही दिसलं तर कन्सल्टन्सीच्या एसी ऑफिसमधून चहा पिऊन उठून या.

एजंटचंही तसंच. युकेत नोकरी शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं कायद्यानेच बंद आहे. आणि भारताच्या बाजूने बघितलं तर सरकारमान्य रिक्रूटिंग एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, पावती देऊन. चार लाख, सहा लाख जे ऐकता ते कशाचे असतात ते तुम्हीच ओळखा. एचसीपीसीचा अर्ज ऑनलाइन स्वतः करता येतो, त्यात एजंटचं काही काम नाही, तुमच्या कॉलेजच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडेही नसते.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात, कारण मी तिथून गेलेली नाही. आयर्लंडला कोरू नावाची संस्था, पद्धत युकेसारखीच पण दोन पायऱ्यांत, आधी क्वालिफिकेशनची ओळख आणि मग रजिस्टर. ऑस्ट्रेलियात दोन वेगळे दरवाजे, काम करायला मेडिकल रेडिएशन प्रॅक्टिस बोर्डाचं रजिस्ट्रेशन आणि पीआर म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या स्किल असेसमेंटला आस्मिर्ट ही संस्था. अमेरिकेत एआरआरटी ही परीक्षा घेणारी संस्था, तिथे बाहेरची डिग्री घेऊन थेट परीक्षेला बसायचा रस्ता जवळपास बंदच, तिकडचा मान्य कोर्स करावा लागतो. जर्मनीत २०२३ पासून आपल्या पेशाचं अधिकृत नावच बदललं आणि कायदाही नवा आला, तिथे प्रत्येक राज्याचं ऑफिस तुमचा कोर्स तपासून काय कमी आहे त्याचं पत्र देतं, मग ते भरून काढायला परीक्षा किंवा हॉस्पिटलातला अॅडॅप्टेशन कोर्स, आणि जर्मन भाषा साधारण बी२ पातळीची. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा जो करार केला त्याच्या यादीत रेडिओलॉजी सहाय्यक होते, त्यामुळे गावागावात जर्मनच्या क्लासच्या पाट्या लागल्या, पण त्या रस्त्यानेही ही तपासणी चुकत नाही.

गल्फचं गणित पूर्ण वेगळं. तिथे सिलॅबसची चिरफाड कमी, खरेखोटेपणाची तपासणी जास्त. डेटाफ्लो नावाची कंपनी तुमच्या विद्यापीठाला, कौन्सिलला आणि जुन्या हॉस्पिटलला स्वतः विचारते की ही माणसं खरी का, आणि मग कॉम्प्युटरवर परीक्षा, बहुतेक ठिकाणी प्रोमेट्रिक या कंपनीची. इथे अडकतात ते अनुभवावर, कारण ज्या नर्सिंग होममध्ये तीन वर्षं काढली ते बंद पडलेलं असतं किंवा पगार रोख होता आणि रेकॉर्डवर नावच नाही. म्हणून आज तुम्ही जिथे असाल तिथे अपॉइंटमेंट लेटर आणि बँकेत पगार, एवढं तरी धरून बसा. शिवाय दुबई, कतार, कुवेतला अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) चालत नाही, त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो, त्याला वेळ जातो.

परत युके. रजिस्ट्रेशन मान्य झालं की वेगळी फी भरायची आणि मग नाव रजिस्टरवर येतं, जे कोणीही साइटवर टाइप करून बघू शकतं. नोकरी मात्र वेगळी शोधावी लागते, हेही पुष्कळांना धक्का देतं. एनएचएस म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत सुरुवात बँड ५ या पगारश्रेणीत, इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी वर्षाला ३१,०४९ पाउंड होते, त्यातून टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन गेलं की महिन्याला हातात दोन हजार पाउंडच्या आसपास. ट्रस्टने, म्हणजे एनएचएसची हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेने, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप दिलं की हेल्थ अँड केअर व्हिसा, ज्यात आरोग्याचा जो जाडजूड सरचार्ज बाकीच्यांना भरावा लागतो तो माफ आहे. टीबीची टेस्ट आणि पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं, दोन्ही गोष्टींना आपल्याकडे लागतो त्यापेक्षा पंधरा दिवस जास्त धरा. सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स ही १९२० पासूनची संघटना आहे, युनियनही तीच, मेंबर होणं सक्तीचं नाही पण मी झाले.

आणि रजिस्ट्रेशन एकदा मिळालं की जन्माचं झालं असं नाही, दर दोन वर्षांनी रिन्यू, आणि त्या वेळी काही जणांना, शंभरातले अडीच, लॉटरी लागते की गेल्या दोन वर्षांत काय नवीन शिकलात त्याचा पुरावा पाठवा. म्हणून इथे सगळेजण वही ठेवतात. मी आपली जुनी सवय मोडली नाही, रिपीट फिल्मची वही अजून लिहिते.

कॉलेजचं राहिलंच की. मागच्या दिवाळीत गेले होते तेव्हा पेढे घेऊन ऑफिसात डोकावले. क्लार्कदादांनी कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडून दाखवला, त्यात माझ्या फॉर्मची प्रत, तासांचा हिशेब आणि जुना सिलॅबस स्कॅन करून ठेवलेला, आणि म्हणाले तुमच्यानंतर तिघांना दिला, आता फक्त नाव आणि बॅच बदलून तासांचे आकडे तपासतो, दोन दिवसांत होतं. तेव्हा तुमच्या कॉलेजात जायच्या आधी सीनिअर्सना फोन करून बघा की आधी कोणी गेलंय का. गेलं असेल तर कुठल्यातरी कॉम्प्युटरवर तसा फोल्डर पडलेला असणार, आणि कोणीच गेलं नसेल तर वह्या आणि लॉगबुकं काढा, पहाटेची एसटी पकडा आणि पहिल्याच दिवशी विचारा की त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते.